फतवा टीव्हीवर, मुलं मोबाइलवर

वाशीमहून पुसदला जाताना अनसिंग लागतं. वाशीम तालुक्यातलं हे मोठं गाव. भोवती सोयाबीन आणि तूर, गावात बाजारपेठ, आसपासच्या खेड्यांचा रोजचा राबता. पुढे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. त्या जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी नावाचं गाव आहे. नोव्हेंबर 2022मध्ये बान्सीच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइलवर बंदीचा ठराव केला आणि एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेलं हे गाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टात सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली होती. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत मुलांनी अभ्यास करायचा.

या ठरावांचा कुठल्या धर्माशी संबंध नव्हता. कोरोनाच्या दोन वर्षांत शाळेच्या निमित्तानं हातात आलेला मोबाइल पोरांनी पुन्हा खाली ठेवलाच नाही, एवढंच गाऱ्हाणं होतं. पण वाशीम जिल्ह्यातले सुमारे बारा टक्के लोक मुस्लिम आहेत, आणि अनसिंगपासून कारंजा, मंगरूळपीर, रिसोडपर्यंतच्या मोहल्ल्यांत पडद्याबद्दलचं हे गाऱ्हाणं चांगलं चाळीस-पन्नास वर्षं जुनं आहे. तिथे ते अभ्यास बुडण्यावर थांबत नाही. नजर, हया (लाज), गीबत (पाठीमागची निंदा), वेळेची नासाडी, आईबापांची जबाबदारी असे पाच-सहा विषय त्यात एकदम येतात. जुम्याच्या म्हणजे शुक्रवारच्या बयानात येतात, इज्तेमात म्हणजे धार्मिक मेळाव्यात येतात, निकाहाच्या मजलिशीतल्या तकरिरीत म्हणजे भाषणातही येतात.

एवढी चर्चा होऊनही घरातला पेच सुटलेला नाही. कारण उघड आहे. उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, बरीच ताकद चित्र हलाल की हराम हे ठरवण्यात खर्ची पडली आणि उरलेली बायका-मुलींना वळण लावण्यात. इस्लामी परंपरेत कौटुंबिक करमणुकीविषयी जे खरं उपयोगी भांडार आहे, घरातला खासगीपणा, परवानगी, पुरुषाची नजर, मिळून घालवलेला वेळ, ते मात्र कोपऱ्यात पडून राहिलं.

सुरुवात चित्रापासूनच झाली. सजीवांच्या प्रतिमा घडवणाऱ्यांविषयी हदीसमध्ये कडक ताकीद आहे. कॅमेरा आला तेव्हा साहजिकच प्रश्न उभा राहिला: फोटो ही प्रतिमा घडवणं आहे का? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी युक्तिवाद केला की कॅमेरा काही नवं घडवत नाही, तो फक्त सावली अडवून ठेवतो. त्याच काळातले कैरोचे विचारवंत रशीद रिदा यांनीही फोटोला परवानगीचीच बाजू घेतली. भारतीय उपखंडातले बहुतेक उलेमा मात्र बधले नाहीत. त्यांच्यात एक लक्षणीय अपवाद महाराष्ट्राच्या मातीतला आहे. 1903मध्ये औरंगाबादेत जन्मलेले मौलाना मौदूदी फोटोबाबत कडक होते, पण पडद्यावरचं हलतं चित्र त्यांना आरशातल्या प्रतिबिंबासारखं वाटत होतं. त्यांच्या मते सिनेमा मुळात नाजायज नाही, त्याचा वापर त्याला नाजायज करतो. पुढे डिजिटल काळात पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानी याच धर्तीवर बोलले. देवबंदच्या दारुल उलूमनं हा युक्तिवाद स्वीकारला नाही; ऑक्टोबर 2017मध्ये तर सोशल मीडियावर स्वतःचे, घरच्यांचे फोटो टाकणंही नाजायज असल्याचा फतवा तिथून निघाला.

देवबंदहून वेगळ्या पंथाच्या बरेलवी गोटातही हेच भांडण झालं आणि चांगलं रंगलं. 1980च्या दशकात किछौछाचे सय्यद मदनी मियाँ यांनी व्हिडिओ आणि टीव्हीच्या धार्मिक वापराला मोकळीक दिली. बरेलीचे अख्तर रझा खान म्हणजे अझहरी मियाँ यांनी त्याला विरोध करणारं पुस्तकच लिहिलं. वऱ्हाडात दोघांनाही मानणारी घरं आहेत, त्यामुळे एकाच गल्लीत एका घरात टीव्ही गुनाह आणि शेजारच्या घरात तो चालू, असं चित्र वर्षानुवर्षं दिसलं. मग काळानं आपला फतवा दिला. टीव्ही घराबाहेर काढा असं सांगत आलेल्या दावते-इस्लामीनं 2008मध्ये स्वतःची मदनी वाहिनी सुरू केली. मुंबईच्या झाकीर नाईक यांची पीस टीव्ही त्याआधीच, 2006मध्ये आली होती. 2016च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं त्यांच्या संस्थेवर बंदी घातली. सौदी अरेबियात राजे फैसल यांनी 1965मध्ये टीव्ही आणला तेव्हा विरोध करणाऱ्या त्यांच्याच पुतण्याचा पोलिसांच्या गोळीनं जीव गेला होता, आणि त्याच्या भावानं 1975मध्ये राजांचा खून केला. त्याच देशात, रियाधमध्ये, पस्तीसहून अधिक वर्षांच्या बंदीनंतर, एप्रिल 2018मध्ये, 'ब्लॅक पँथर' लावून सिनेमागृह पुन्हा उघडलं. चित्राच्या वादाचं असं झालं: कुणी हरलं नाही, लोक पुढे निघून गेले.

लोक कसे पुढे गेले हे पाहायचं तर मालेगावला जावं लागतं. वाशीम जिल्ह्यातही एक मालेगाव आहे. हे ते नव्हे. हे नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं मालेगाव. मशिदी-मदरशांचं गाव म्हणून त्याची ओळख, आणि सिनेमाचं वेड असं की 2023मध्ये 'टायगर 3' चालू असताना मोहन टॉकीजच्या आत प्रेक्षकांनी फटाके फोडले. याच गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी लोकांकडून उसनवारी करून 2000 साली 'मालेगाव के शोले' बनवला. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आणि रीमा कागती यांचा 2025मध्ये प्रदर्शित झालेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' यांमुळे ही कहाणी जगभर गेली. कौतुक सगळ्यांनी केलं. एका बारीक गोष्टीकडे मात्र थोड्यांनीच पाहिलं: या सिनेमांत काम करायला नट मालेगावचे आणि नट्या बाहेरगावच्या. गावातली कुठलीही मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहणं शक्यच नव्हतं. सिनेमा बघणारे, बनवणारे, त्यात नाचणारे पुरुष. अब्रूचं ओझं बाईच्या डोक्यावर. हा हिशेब शरियतचा कमी आणि बिरादरीचा जास्त आहे. मुस्लिमांपुरता तर नाहीच नाही. विदर्भातल्या कुठल्याही समाजाला तो ओळखीचा वाटेल.

वऱ्हाडातल्या बायकांपर्यंत पडदा पोचला तो व्हीसीआरमधून. लग्नघरात किंवा ईदच्या दुसऱ्या दिवशी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा, रात्रीत तीन-तीन कॅसेटी व्हायच्या. दादी खाटेवर, बायका ओट्यावर, पोरं सतरंजीवर आडवीतिडवी. नको ते गाणं आलं की कुणीतरी उठून कॅसेट पुढे पळवायचं. सगळं घर एकत्र बसलेलं असल्यानं वेगळ्या सेन्सॉरची गरज नव्हती. अब्बा खाकरले की काम भागायचं. 1987मध्ये 'रामायण' आणि पाठोपाठ 'महाभारत' आलं, तेव्हा मोहल्ल्यातल्या घरांतही रविवारी सकाळी तेच लागायचं. 'महाभारत'चे संवाद राही मासूम रझा यांचे होते, याचं अप्रूपही होतं.

त्याच कॅसेटींच्या काळात एका सिनेमानं मुस्लिम कुटुंबाचा विषय सरळ घरात आणला. बी. आर. चोप्रांचा 'निकाह', 1982चा. आधी त्याचं नाव 'तलाक तलाक तलाक' ठरलं होतं, ते बदललं. अचला नागर यांनी लिहिलेली ही कथा रागाच्या भरात तीनदा उच्चारलेल्या शब्दानं आयुष्य विस्कटलेल्या बाईची. विरोध झाला, खटले झाले, आणि गर्दीही झाली. हमीद दलवाई यांनी 1970मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढून जो प्रश्न सभा-मोर्च्यांतून मांडला, तो बुरख्यातल्या बाईपर्यंत नेण्याचं काम या व्यावसायिक हिंदी सिनेमानं केलं. पडद्याचा कुटुंबावर परिणाम होतो, हे खरंच आहे. तो नेहमी बिघडवणाराच असतो, हे मात्र 'निकाह' बघून मुकाट रडलेल्या बायकांना पटलं नसतं.

पडदा दुसऱ्या बाजूनंही चालतो. 'हमारे बारह' या 2024च्या सिनेमाची जाहिरात कुरआनच्या आयतीचा सोयीनं अर्थ लावून मुस्लिम नवऱ्यांना सरसकट राक्षस ठरवते, अशी तक्रार घेऊन लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी सिनेमा पाहिला, काही काटछाट मान्य करून घेतली आणि जूनमध्ये तो प्रदर्शित झाला. अशा सिनेमांचा एक तोटा मुस्लिम घरांच्या आत होतो. समाजावर बाहेरून बोट रोखलं गेलं की आतलं बोलणं थांबतं. नवऱ्याच्या वागण्याबद्दल चार शब्द बोलू पाहणाऱ्या बाईलाच मग घरभेदी ठरवतात.

आता नीट पाहिलं तर इस्लामी नीतिशास्त्राचा कौटुंबिक भाग चित्रावर उभा नाही. तो घराच्या रचनेवर उभा आहे. कुरआनची 24वी सूरह (अध्याय), अन-नूर, या बाबतीत फार बारकाईनं बोलते. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरू नये. घरातल्या लहान मुलांनीसुद्धा दिवसातल्या तीन वेळा, म्हणजे पहाटेच्या नमाजाआधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशाच्या म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर, मोठ्यांच्या खोलीत विचारून यावं. आणि नजर खाली ठेवण्याचा आदेश. हा आदेश 30व्या आयतीत आधी पुरुषांना आहे; बायकांना तो पुढच्या, 31व्या आयतीत येतो. मोहल्ल्यातल्या तकरिरींत बहुधा दुसऱ्या आयतीपासूनच सुरुवात होते.

मोबाइलच्या काळात हा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट कवडीमोलानं मिळू लागलं. त्याआधी गावच्या मोबाइल दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. दुकानदार, शेजारी, कुणी ना कुणी काय भरलं ते पाहायचं. आता तेही उरलं नाही. एका घरात पाच माणसं, चार मोबाइल आणि पाचवं माणूस म्हणजे बहुतेक वेळा दादी किंवा शाळकरी मुलगी. अब्बा खाटेवर भिंतीकडे तोंड करून, कानात इअरफोन घालून काय बघतात, हे कुणी विचारत नाही. भाईजानच्या फोनला पॅटर्न लॉक. आपाचा फोन मात्र कुणीही केव्हाही उघडावा, तिचे मेसेज वाचावेत, नंबर पुसावेत. यालाच घरात 'तरबियत' म्हणजे संस्कार म्हणतात.

तरबियतच्या नावाखाली चालणारी ही झडती इस्लामी परंपरेत बसते का? धर्मपंडित इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात दुसरे खलिफा हजरत उमर यांची एक हकीकत दिली आहे. उमर एका घराच्या भिंतीवरून चढून आत गेले आणि आतल्या माणसाला गैरकृत्य करताना पकडलं. तो माणूस घाबरला नाही. त्याचं उत्तर असं: मी एक आज्ञा मोडली असेन, पण तुम्ही तीन मोडल्या. हेरगिरी करू नका असा हुकूम आहे, तुम्ही केलीत. घरात दारानं या असा हुकूम आहे, तुम्ही भिंतीवरून आलात. विचारून आणि सलाम करून या असा हुकूम आहे, तुम्ही तसेच आलात. ज्यांच्या नुसत्या नावानं लोक चळचळ कापत, त्या उमर यांनी पुन्हा असं न करण्याचं वचन त्याच्याकडून घेतलं आणि ते निघून गेले. हेरगिरी आणि गीबत या दोन्हींना मनाई करणारी आयत 49व्या सूरहमध्ये एकच आहे. मुलीच्या फोनची झडती घेणारा भाऊ आणि त्या झडतीत सापडलेलं चार घरी सांगणारी चाची, दोघंही त्याच आयतीच्या कक्षेत येतात.

याचा अर्थ आईबापांनी डोळे मिटून घ्यावेत असा नाही. प्रत्येक जण आपापल्या कळपाचा राखणदार आहे, ही हदीस बयानांत वारंवार सांगितली जाते, आणि 66व्या सूरहमध्ये स्वतःला आणि घरच्यांना आगीपासून वाचवण्याची आज्ञा आहे. पण तिथेही 'स्वतःला' आधी आहे. लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात ती 31वी सूरह पाहिली तर त्यात झडती नाही, धमकी नाही. बाप मुलाला शेजारी बसवून बोलतो आहे. बोलायला वेळ लागतो, आणि तो बापाच्या मोबाइलनं खाल्ला आहे.

वेळेचा मुद्दा इथे नीट पाहायला हवा. वऱ्हाडातल्या अनेक मुस्लिम घरांत मगरिब ते इशा, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजापासून रात्रीच्या नमाजापर्यंत, हा संध्याकाळचा ठरलेला वेळ होता. मगरिब झाली की मुलं-मुली कायदा (अरबी मुळाक्षरांचं पुस्तक), सिपारा (कुरआनचा भाग) छातीशी धरून मकतबला, म्हणजे धार्मिक शाळेला, जात. इशानंतर घरात तालीम, म्हणजे धार्मिक पुस्तकाचं वाचन. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तब्लिगी जमातीच्या घरांत हा रिवाज अजूनही आहे. मालिकांनी डल्ला मारला तो नेमका याच वेळेवर. मालिकेतली सासू सुनेच्या जेवणात काय मिसळते यापेक्षा, त्या अर्ध्या तासानं घरातलं कुठलं बोलणं गिळलं, हे नुकसान मोठं. रील्सनी तर अर्धा तासही एकत्र ठेवला नाही. 2020च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्राम रील्स भारतात आले. बोटाला सुटी मिळाली नाही.

'असर' या शिक्षणविषयक पाहणीचा 2024चा अहवाल ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांबद्दल सांगतो की त्यांच्यातल्या 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात 57 टक्क्यांनी तो शिक्षणासाठी वापरला, 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. अनसिंगच्या शाळेतली मुलं याला अपवाद असण्याचं कारण नाही, मग शाळा उर्दू असो की मराठी.

पडदा कुटुंब बिघडवतो, या सरसकट विधानाला मात्र एक अडचण आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी 2001 ते 2003 या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या ग्रामीण घरांचा अभ्यास केला. ज्या गावांत केबल टीव्ही आला, तिथे नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, बाईचा स्वतःच्या निर्णयांवरचा अधिकार वाढला. म्हणजे ज्या मालिकांना आपण फालतू म्हणतो त्यांनी हे घडवलं. आता याला नैतिक ऱ्हास म्हणायचं का? पैगंबरांनी कधी बायकोवर हात उचलला नाही, असं त्यांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात. मग मार खाणं नशिबात नाही हे बाईला मालिकेतून कळलं, तर तक्रार मालिकेविरुद्ध करावी की ते न सांगणाऱ्या मशिदीतल्या मिंबरविरुद्ध, म्हणजे प्रवचनपीठाविरुद्ध?

अरब जगात हा पेच 2008मध्ये जाहीरपणे गाजला. 'नूर' या तुर्की मालिकेचा अरबी अवतार एमबीसी वाहिनीवर लागला. शेवटचा भाग साडेआठ कोटी लोकांनी पाहिल्याचा वाहिनीचा दावा होता. सौदीच्या मुख्य मुफ्तींनी अशा मालिकांचा निषेध केला. वर्तमानपत्रांत नवरा-बायकोंच्या भांडणांच्या बातम्या आल्या. भांडणाचं मूळ काय, तर मालिकेतला नायक मुहन्नद बायकोशी अदबीनं बोलतो, तिला फुलं आणतो, तिच्या कामाला मान देतो; तसं आपला नवरा का करत नाही, असं बायका विचारू लागल्या. निषेध मालिकेचा झाला. नवऱ्यांना मात्र त्यातून काही शिकावंसं वाटल्याची बातमी वाचनात नाही.

भारतात 'जिंदगी' वाहिनीवर 2014मध्ये पाकिस्तानी मालिका आल्या तेव्हा मराठी घरांतल्या हिंदू बायकांनीही त्या आवडीनं पाहिल्या. 2020च्या टाळेबंदीत रमजान आला आणि 'एर्तुग्रुल' या तुर्की मालिकेची उर्दू आवृत्ती यूट्यूबवरून मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोचली. पडद्यावर तलवारी, घोडे, दुआ आणि मोठ्यांचा आदर. बऱ्याच वर्षांनी बाप आणि मुलगा एकाच पडद्यासमोर बसले. काही उलेमांना तीही नापसंत होती. 2025च्या एप्रिल-मेमध्ये पाकिस्तानी वाहिन्यांचे यूट्यूब चॅनेल भारतात बंद झाले, त्यामुळे ही वाटही अरुंद झाली.

इस्लाम करमणुकीचा शत्रू आहे, असा समज मुस्लिमांतही आहे आणि बाहेर तर आहेच. बुखारीच्या हदीससंग्रहात याच्या अगदी उलट प्रसंग आहे. ईदचा दिवस. मदिनेच्या मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचा खेळ करताहेत. हजरत आयेशांना तो बघायचा आहे. पैगंबर स्वतः आडोसा होऊन उभे राहतात आणि त्या त्यांच्या खांद्यावरून, मन भरेपर्यंत खेळ बघतात. ईदलाच एकदा घरात दोन मुली गात होत्या. आयेशांचे वडील हजरत अबू बकर रागावले, तर पैगंबरांनी त्यांनाच थांबवलं. घरात आयेशांच्या बाहुल्या होत्या. नवरा-बायकोनं मिळून तमाशा पाहणं, सणाला गाणं, मुलांची खेळणी, हे सगळं त्या घरात होतं. गझालींनीही संगीताला सरसकट हराम म्हटलं नाही. ऐकणारा कोण, कशासाठी, कुठे, यावर ते निवाडा ठेवतात.

इराणनं या धाग्यावर कमाल केली. क्रांतीच्या ऐन धामधुमीत मायदेशी परतताच, 1 फेब्रुवारी 1979च्या भाषणात क्रांतीचे नेते खोमेनी म्हणाले होते की विरोध सिनेमाला नाही, त्याच्या गैरवापराला आहे. पुढे सेन्सॉरचा जाच प्रचंड झाला, दिग्दर्शक तुरुंगातही गेले. ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच देशातून माजिद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' आला, 1997मध्ये. हरवलेला बुटांचा एक जोड, बहीण-भाऊ आणि गरीब बापाला त्रास नको म्हणून दोघांनी केलेली तडजोड. मुस्लिम घराच्या नीतीवर यापेक्षा सरस तकरीर सापडणं कठीण. याच मजिदींचा पैगंबरांच्या बालपणावरचा सिनेमा 2015मध्ये आला, तेव्हा मुंबईच्या रझा अकादमीनं त्यांच्याविरुद्ध आणि संगीतकार ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध फतवा मिळवला. 2020मध्ये तो सिनेमा इंटरनेटवर येणार म्हटल्यावर महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी केंद्राला बंदीसाठी पत्र लिहिलं. हातात येणाऱ्या अश्लील क्लिपांवर असं पत्र कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही.

संघटना काहीच करत नाहीत असं नाही. जमाते-इस्लामी हिंदच्या महिला विभागानं फेब्रुवारी 2021मध्ये 'मजबूत परिवार, मजबूत समाज' आणि सप्टेंबर 2024मध्ये नैतिकतेवर अशा मोहिमा चालवल्या. महाराष्ट्रातही त्यांच्या बैठका झाल्या. मराठी 'शोधन' साप्ताहिकात कुटुंब आणि माध्यमं हा विषय येत असतो. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं 2017मध्ये सोशल मीडियावरच फतवा काढला आणि त्यात अश्लीलतेच्या बरोबरीनं अफवा, गीबत आणि बदनामीही नाजायज ठरवली. हा फतवा आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपवर लावून पाहावा. निम्मे मेसेज गळतील. बाकी, व्हॉट्सअॅपवर तलाक पाठवणारे नवरे निघाले म्हणूनच तिहेरी तलाकविरोधी 2019च्या कायद्यात तोंडी आणि लेखी याबरोबर 'इलेक्ट्रॉनिक' तलाकही बेकायदा म्हणून नोंदवावा लागला.

पडदा सोडून जाणाऱ्यांचीही चर्चा होते. 'दंगल'मधली झायरा वसीम जून 2019मध्ये ईमानाचं कारण देऊन अभिनय सोडून गेली. मुंबईच्या सना खाननं ऑक्टोबर 2020मध्ये तेच केलं. बयानांत या दोघींची उदाहरणं कौतुकानं दिली गेली. तो त्यांचा निर्णय आणि त्यांचा हक्क. पण नीतीसाठी पडदा सोडल्याचं उदाहरण द्यायचं म्हटलं की दर वेळी बाईच का आठवते?

अनसिंगसारख्या गावात बंदीचा ठराव करून काही साधेल असं वाटत नाही. मोबाइलवर शाळेचा अभ्यास आहे, सोयाबीनचा भाव आहे, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलाचा चेहरा आहे. जमेल ते इतकंच: मगरिब ते इशा घरातले सगळे फोन एका कोनाड्यात ठेवावेत आणि त्यात अब्बांचा फोन सगळ्यांत आधी असावा. आठवड्यातून एखादा सिनेमा घरानं मिळून बघावा आणि त्यावर मुलीलाही बोलू द्यावं. तिचा फोन उघडायचा असेल तर तिला विचारून, आणि भावाचाही त्याच नियमानं.

आणि मशिदीच्या इमामसाहेबांना एक विनंती. वऱ्हाडातल्या बहुतेक मशिदींत जुम्याच्या बयानाला समोर फक्त पुरुष बसलेले असतात. तिथे मुलींच्या मोबाइलवर बोलून उपयोग काय? येत्या जुम्याला सूरह नूरची 30वी आयत घ्या आणि समोर बसलेल्यांशीच बोला.